वाचकांचे प्रश्न : वंशसंहार शिकवण्याआधी शिक्षकाची तयारी

ज्यू समाजाचा इतिहास आणि वंशसंहाराचा अभ्यास हे विषय शाळेत शिकवायचे झाल्यास शिक्षकांना वेगळे प्रशिक्षण लागते का, याविषयी गेल्या अंकात एक टिपण प्रसिद्ध झाले होते. असे प्रशिक्षण लागते, आणि त्याचा भर घटनांच्या माहितीइतकाच शिक्षकाच्या निवडीवर, म्हणजे वर्गात काय दाखवावे, काय टाळावे आणि सुरुवात कोठून करावी यावर असायला हवा, असे त्यात म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न संक्षेपाने देऊन त्यांची उत्तरे येथे देत आहे. पत्रलेखकांची नावे न देता केवळ गाव आणि व्यवसाय दिला आहे.

प्रश्न : नववीच्या वर्गाला मी नात्सी जर्मनीचा घटक शिकवते. मुलांना विषयाचे गांभीर्य कळावे म्हणून छळछावण्यांतील मृतदेहांची छायाचित्रे दरवर्षी पडद्यावर दाखवते. काही मुली रडतात, मागच्या बाकांवरून हसण्याचे आवाज येतात. यंदा एका पालकांनी लेखी हरकत घेतली. छायाचित्रे दाखवणे बंद करावे का? (शिक्षिका, जुन्नर)

होय, बंद करावे. आपण दाखवता त्यांपैकी बरीच छायाचित्रे बहुधा एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश सैन्याने बर्गन-बेल्झनची छावणी मुक्त केली तेव्हाची असतील. त्यांतील माणसांना नाव नाही, वय नाही, घर नाही. ज्यांचे माणूसपण हयातीत नाकारले गेले, त्यांची आपल्या वर्गाशी होणारी पहिली ओळखही मृतदेहांचा ढीग म्हणूनच व्हावी, हे मला पटत नाही. शिवाय इतिहास म्हणूनही ही छायाचित्रे अपुरे चित्र देतात. मारल्या गेलेल्या सुमारे ६० लाख ज्यूंपैकी फार मोठा हिस्सा अशा छावणीपर्यंत कधी पोहोचलाच नाही. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केल्यानंतर लाखो ज्यूंना त्यांच्याच गावाबाहेर खड्ड्यांच्या काठावर उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. कीव्हजवळच्या बाबी यार या घळीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू मारल्याची नोंद मारेकऱ्यांच्याच अहवालात आहे. जर्मनव्याप्त पोलंडमधील ट्रेब्लिंका, सोबिबोर आणि बेल्झेक येथे तर आगगाडीतून उतरवलेल्या बहुतेक माणसांना काही तासांतच विषारी वायूने मारले जाई, आणि या तिन्ही जागा युद्ध संपण्यापूर्वीच नात्सींनी उखडून टाकल्या. तेथील माणसांचे शेवटचे क्षण टिपणारी छायाचित्रे जवळजवळ नाहीत. पडद्यावर जे दिसते तेवढेच घडले, अशी समजूत घेऊन मूल घरी जाते.

हसणाऱ्या मुलांवर रागावू नये. चौदा वर्षांच्या मुलाला जे सोसत नाही, त्यावर त्याची पहिली प्रतिक्रिया पुष्कळदा हसण्याचीच असते. जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेने १९९३ मध्ये शिक्षणासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. मुलाला या विषयात सुरक्षितपणे न्यावे आणि सुरक्षितपणे बाहेर आणावे, हे तेथील शिक्षक प्रशिक्षणाचे एक प्रमुख सूत्र आहे. आत नेण्याचा विचार आपण सगळेच करतो. तासिका संपल्यावर मूल कोणत्या मनःस्थितीत डबा उघडणार आहे, हा विचार मात्र प्रशिक्षणाशिवाय फारसा होत नाही.

छायाचित्रांच्या जागी काय घ्यावे, असा प्रश्न आपल्यापुढे येईल. वॉर्साच्या घेट्टोतील, म्हणजे नात्सींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या शहराच्या भागातील, एका शिक्षकाची हकिकत मी सुचवीन. इमॅन्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने घेट्टोत ‘ओनेग शब्बत’ या नावाने एक गुप्त दप्तरखाना उभारला होता. दैनंदिन्या, फर्माने, शिधापत्रिका, कार्यक्रमांच्या जाहिराती, ट्रामची तिकिटे, मिठाईची वेष्टने, शाळकरी मुलांचे निबंध असे सारे काही त्यात जमा केले जाई. ऑगस्ट १९४२ च्या सुरुवातीला, घेट्टोतून ट्रेब्लिंकाकडे रोज माणसे भरून गाड्या निघत असताना, इस्रायल लिख्तेनश्टाइन या शिक्षकाने आपल्या दोन माजी विद्यार्थ्यांना, १९ वर्षांच्या दावीद ग्राबरला आणि १८ वर्षांच्या नाहुम ग्झिवाचला, बरोबर घेऊन या संग्रहाचा पहिला भाग दहा धातूच्या पेट्यांत भरला आणि नोव्होलिप्की रस्त्यावरील ६८ क्रमांकाच्या शाळेच्या तळघरात पुरला. तिघांनीही घाईघाईने लिहिलेली आपापली शेवटची टिपणे त्यात ठेवली. आपल्याला आभार नकोत, स्तुती नको, फक्त आठवण राहावी, असे लिख्तेनश्टाइन यांनी लिहिले. आपली चित्रकार पत्नी गेला सेक्श्टाइन आणि वीस महिन्यांची मुलगी मार्गालित यांचीही आठवण राहावी, असे त्यांनी पुढे नोंदवले. त्या पेट्या सप्टेंबर १९४६ मध्ये ढिगाऱ्याखालून काढण्यात आल्या. दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्ये भरलेला दुसरा भाग डिसेंबर १९५० मध्ये सापडला. तिसरा आजवर मिळालेला नाही.

वर्गाला या पेट्यांतील वस्तूंची यादी द्यावी आणि मिठाईचे वेष्टन किंवा ट्रामचे तिकीट जपावे असे त्या माणसांना का वाटले असेल, एवढेच विचारावे. ‘तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते’ हा प्रश्न मात्र विचारू नये. त्याचे प्रामाणिक उत्तर कोणत्याही मुलाकडे नसते, आणि तो विचारला की मुले शिक्षकाला आवडेल ते उत्तर देतात.

प्रश्न : आमच्या बी.एड.च्या विद्यार्थ्यांसाठी या विषयावर कार्यशाळा घेण्याचा विचार आहे. परदेशात असे प्रशिक्षण कसे दिले जाते? (अध्यापक महाविद्यालयातील प्राध्यापक, नागपूर)

जेरुसलेममधील याद वाशेम, वॉशिंग्टनमधील १९९३ साली सुरू झालेले होलोकॉस्ट (नात्सींनी केलेला ज्यूंचा संहार) संग्रहालय आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील २००८ पासूनचे होलोकॉस्ट शिक्षण केंद्र ही यातील ठळक नावे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १ नोव्हेंबर २००५ रोजी ठराव करून २७ जानेवारी हा स्मरणदिन ठरवला आणि सदस्य राष्ट्रांना यासंबंधीचे शैक्षणिक उपक्रम आखण्याचे आवाहन केले, तेव्हापासून या कामाला अधिक गती आली.

लंडनचा अनुभव आपल्या उपयोगाचा आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात हा विषय १९९१ पासून सक्तीचा आहे. तरीही २००९ मध्ये या केंद्राने शिक्षकांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा हा विषय आपण मुख्यतः स्वतःच वाचून शिकलो, असे बहुसंख्य शिक्षकांनी सांगितले. २०१६ मध्ये विद्यार्थ्यांविषयीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सारे एकट्या हिटलरने किंवा फार तर त्याच्या निकटच्या साथीदारांनी केले, अशी हजारो मुलांची समजूत त्यातून पुढे आली. जर्मनीतील ज्यूंची संख्याही मुलांनी फार फुगवून सांगितली. प्रत्यक्षात १९३३ मध्ये ती लोकसंख्येच्या एक टक्क्याहून कमी होती. विषय अभ्यासक्रमात असणे आणि तो नीट शिकवला जाणे यांतील अंतर यावरून कळते. हे अंतर शिक्षक प्रशिक्षणाखेरीज भरून निघत नाही, असे मला या अहवालांच्या वाचनानंतर ठामपणे वाटते.

केपटाउनमध्ये १९९९ साली सुरू झालेल्या होलोकॉस्ट केंद्राचा मार्ग थोडा वेगळा आहे. वर्णभेदाची राजवट संपल्यानंतर दक्षिण आफ्रिकेने आपल्या नववीच्या इतिहासात नात्सी जर्मनी आणि होलोकॉस्ट यांचा समावेश केला, आणि केपटाउन, दरबान व जोहान्सबर्ग येथील केंद्रांनी शिक्षकांच्या तयारीचे काम अंगावर घेतले. प्रशिक्षणाला येणाऱ्या शिक्षकांपैकी अनेकांचे स्वतःचे शालेय शिक्षण वर्णानुसार विभागलेल्या शाळांत झालेले होते. वंशावर आधारित कायदे माणसाच्या रोजच्या जगण्यात कसे शिरतात, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. गरज होती ती साम्य आणि भेद यांची एकाच वेळी जाणीव ठेवण्याची. दोन्ही व्यवस्था वंशवादावर उभ्या होत्या, दोहोंत माणसांचे वर्गीकरण करणारे कायदे होते. परंतु एका संपूर्ण समाजाला पृथ्वीवरून नाहीसे करणे हे वर्णभेदी राजवटीचे उद्दिष्ट नव्हते. हे वाक्य ज्याने स्वतः वर्णभेद सोसला त्या शिक्षकाने वर्गात उच्चारायचे, याला किती तयारी लागत असेल याची कल्पना करावी.

आपल्या कार्यशाळेसाठी माझी एक आग्रहाची सूचना आहे. भावी शिक्षकांसमोर हा इतिहास शाळेच्या अंगाने मांडावा. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यूंना सरकारी नोकरीतून काढण्याचा मार्ग मोकळा झाला आणि त्यात शिक्षकही होते. त्याच महिन्याच्या २५ तारखेला शाळा-महाविद्यालयांतील ज्यू विद्यार्थ्यांच्या नव्या प्रवेशांवर दीड टक्क्याची मर्यादा आली. वंशशास्त्र अभ्यासक्रमात शिरले, आणि फळ्यासमोर ज्यू मुलाला उभे करून त्याच्या नाकाडोळ्यांची चर्चा करणारे शिक्षक निघाले. बहुतांश जर्मन शिक्षक नात्सी शिक्षक संघटनेचे सभासद झाले. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंची प्रार्थनागृहे (सिनेगॉग) जाळण्यात आली, दुकाने फोडण्यात आली, आणि त्यानंतर आठवडाही उलटला नव्हता तोच, १५ नोव्हेंबरला, उरलेल्या ज्यू मुलांना जर्मन शाळांतून काढून टाकण्यात आले. त्या दिवशी हजेरीपटावरील नावांवर रेघ कोणी मारली? रिकाम्या झालेल्या बाकाविषयी वर्गाला काय सांगितले? बी.एड.च्या विद्यार्थ्याला हे प्रश्न थेट भिडतात, कारण ते त्याच्याच पेशातील माणसांविषयी आहेत. याच मांडणीत घेट्टोतील चोरून चालवलेले वर्गही येतात, आणि आपल्या अनाथाश्रमातील सुमारे २०० मुलांबरोबर ऑगस्ट १९४२ मध्ये ट्रेब्लिंकाच्या गाडीत चढलेले यानुश कोर्चाकही येतात.

एक दिवसाच्या व्याख्यानमालेने हे काम होत नाही. शिक्षकाने पाठ टाचण तयार करावे, वर्गात पाठ घ्यावा, आणि काही आठवड्यांनी परत येऊन मुलांनी विचारलेले प्रश्न सहकाऱ्यांसमोर ठेवावेत, अशी दोन टप्प्यांची आखणी असावी.

प्रश्न : आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या बेने इस्रायल कुटुंबे राहिली. मी ज्या शाळेत शिकवले, तेथे त्यांची मुले होती. ज्यूंचा इतिहास शिकवताना युरोपपासूनच सुरुवात का करावी? (निवृत्त मुख्याध्यापक, अलिबाग)

आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याबरोबर दोन ठिकाणी सावध राहावे असेही वाटते.

ज्यू समाजाची मुलांना होणारी पहिली ओळख मृत्यूची असू नये, जगण्याची असावी, हे या विषयाच्या सर्व चांगल्या प्रशिक्षणांत सांगितले जाते. युरोपातील शिक्षक त्यासाठी युद्धापूर्वीचे वॉर्सा घेतात. त्या शहरातील दर तीन रहिवाशांपैकी जवळजवळ एक ज्यू होता, यिद्दिश भाषेतील दैनिके आणि नाटके होती, एकमेकांशी कडाडून भांडणारे राजकीय पक्ष होते. महाराष्ट्रातील शिक्षकाला ही ओळख घराजवळ करून देता येते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायल, गावांवरून आलेली पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर ही त्यांची आडनावे, नवगावची त्यांची जुनी दफनभूमी, मलिद्याचा विधी, मराठीतून रचलेली त्यांची कीर्तने, मुंबईत सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलेले प्रार्थनागृह, पुण्याचे ‘लाल देऊळ’, हे सारे दाखवता येण्याजोगे आहे. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव मुलांच्या कानावर असते. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस स्वतःच्या अंगावर टोचून घेणारे वाल्देमार हाफकिन ओडेसात जन्मलेले ज्यू होते, हे फार थोड्यांना माहीत असते. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, हेही सांगावे.

आता सावधगिरी. बेने इस्रायलांचा इतिहास हा होलोकॉस्टचा उपोद्घात नव्हे. भारतात आपल्याला धर्मामुळे छळ सोसावा लागला नाही, असे हा समाज स्वतःच आवर्जून सांगत आला आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाउसवर झालेला हल्ला बाहेरून आलेल्या दहशतवाद्यांचा होता. तेव्हा त्यांचा इतिहास त्यांच्यासाठी, स्वतंत्रपणे शिकवावा, आणि युरोपचा घटक सुरू झाला की तो युरोपचाच राहू द्यावा.

दुसरी गोष्ट कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीची. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. ‘हिटलरच्या तावडीतून सुटून आलेले ज्यू’ असे त्यांचे वर्णन भाषणांत आणि शालेय प्रकल्पांत अनेकदा केले जाते. ते बरोबर नाही. ही मंडळी बहुतांशी कॅथलिक होती. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने त्यांना पूर्व पोलंडमधून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार केले होते, आणि १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर सुटका झाल्यावर इराणमार्गे ती येथे पोहोचली. त्यांचे हाल कमी नव्हते, त्यांना आसरा देणाऱ्या कोल्हापूरचा अभिमानही जरूर बाळगावा. पण त्यांची कथा होलोकॉस्टच्या धड्यात बसवल्याने दोन्ही समाजांवर अन्याय होतो. नात्सींपासून वाचून महाराष्ट्रात आलेल्या ज्यूंची उदाहरणे हवी असतील तर ती मुंबईत आहेत. मध्य युरोपातून आलेल्या ज्यूंना मदत करण्यासाठी तेथे १९३४ मध्ये ज्यू साहाय्य संघटना स्थापन झाली होती. त्याच वर्षी प्रागहून मुंबईला आलेले वॉल्टर काउफमान पुढे आकाशवाणीत होते, आणि आकाशवाणीच्या सकाळच्या परिचित धूनचे श्रेय त्यांना दिले जाते. ती धून वर्गात ऐकवावी.

प्रश्न : माझ्या वर्गातील हुशार मुले उघडपणे म्हणतात की हिटलर शिस्तीचा होता, त्याने देश उभा केला आणि नेताजींना मदत केली. त्यांना गप्प करावे की त्यांच्याशी वाद घालावा? (इतिहास शिक्षक, सोलापूर)

गप्प करू नये. गप्प केलेले मूल रेल्वे स्थानकावरच्या पुस्तकांच्या दुकानात हिटलरचे आत्मचरित्र विकत घेते आणि आपल्या मताला आधार मिळाला असे समजते. आपल्याकडच्या प्रशिक्षणात या प्रश्नाला स्वतंत्र तासिका द्यायला हवी, कारण युरोपातील हस्तपुस्तिकांत तो या रूपात आढळत नाही.

नेताजींपासूनच सुरुवात करावी, कारण मुलांच्या मनात मूळ आदर त्यांच्याविषयी आहे आणि तो योग्य आहे. सुभाषबाबू एप्रिल १९४१ ते फेब्रुवारी १९४३ जर्मनीत होते. हिटलरची भेट त्यांना मे १९४२ मध्ये, म्हणजे वर्षभराच्या प्रतीक्षेनंतर मिळाली, आणि भारताच्या स्वातंत्र्याला पाठिंबा देणारी जाहीर घोषणा त्यांना हवी होती ती मिळाली नाही. भारत दुसऱ्या कोणाच्या हाती जाण्यापेक्षा इंग्रजांच्या ताब्यात राहिलेला बरा, असे हिटलरने आपल्या आत्मचरित्रातच लिहून ठेवले होते, आणि त्या मजकुरात सुधारणा करावी अशी मागणी सुभाषबाबूंनी जर्मन अधिकाऱ्यांकडे केली होती. एवढी माहिती मिळाल्यावर मुलांचा सूर बदलतो. शिस्तीचे म्हणाल तर ज्यू शिक्षकांना, डॉक्टरांना, कारकुनांना काढून त्यांच्या खुर्च्या इतरांना दिल्या की बेकारीचे आकडे खाली दिसतात, आणि शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांवर उभी राहिलेली भरभराट युद्धाशिवाय टिकत नाही. १९४५ मध्ये जर्मन शहरांची काय अवस्था झाली होती, ते त्या ‘उभ्या केलेल्या’ देशाच्या हिशेबात धरायला सांगावे.

वाद जिंकण्याची घाई मात्र नको. मुलाचे मत पुढच्या तासिकेला किंवा पुढच्या वर्षी बदलले तरी चालेल. ते आपल्यासमोर बोलत राहिले पाहिजे.

प्रश्न : स्नेहसंमेलनात छळछावणीवर नाटुकले बसवायचे आहे. मुलांना पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घालून उभे करणे योग्य होईल का? (शिक्षिका, ठाणे)

नाही. होलोकॉस्ट स्मरणासाठी एकत्र आलेल्या देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये शिक्षकांसाठी ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांत बळी आणि मारेकरी यांच्या भूमिका मुलांकडून वठवून घेणे टाळावे, असे स्पष्ट म्हटले आहे. ती यातना अभिनयाने कळत नाही, आणि रखवालदाराचे काम मिळालेल्या मुलाला त्यात मजा वाटू लागली तर ते सावरणे शिक्षकाच्याही हाताबाहेर जाते. एखाद्या वाचलेल्या व्यक्तीच्या आठवणींतील उतारा दोन मुलींनी स्वच्छ उच्चारांत वाचून दाखवावा. तेवढे पुरे आहे.

प्रश्न : वंशसंहार जगात इतरत्रही झाले. मग ज्यूंनाच एवढे स्थान का? आणि या प्रशिक्षणात इतर वंशसंहारांना जागा असते का? (पालक, नाशिक)

असते, आणि ती असलीच पाहिजे. ज्यूंच्या संहाराचा अभ्यास आधी होण्याचे एक कारण त्याची व्याप्ती हे आहे. एका आधुनिक, सुशिक्षित राज्याने आपली नोकरशाही, रेल्वे, कायदा आणि विद्यापीठे यांच्या साहाय्याने एका समाजाला, तो जेथे सापडेल तेथे, संपवण्याचा घाट घातला होता. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनमधील वानझे येथे त्याच्या अंमलबजावणीसाठी बैठकीला बसलेल्या १५ जणांपैकी निम्म्याहून अधिकांकडे डॉक्टरेट होती. दुसरे कारण कायद्याच्या इतिहासात आहे. ज्या राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने १९४४ मध्ये या गुन्ह्याला नाव दिले, त्यांचे जवळजवळ सारे कुटुंब होलोकॉस्टमध्ये मारले गेले. पण त्यांच्या विचाराची सुरुवात १९१५ पासून तुर्कस्तानात झालेल्या आर्मेनियन लोकांच्या संहारापाशी होती. त्यांच्या प्रयत्नांतून ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांचा करार संमत झाला. भारताने १९५९ मध्ये त्याला अनुमोदन दिले.

या कराराची व्याख्या शिक्षकाने शब्दशः वाचलेली असावी. राष्ट्रीय, वांशिक, वंशीय किंवा धार्मिक समूहाचा, समूह म्हणून, संपूर्ण अथवा अंशतः नाश करण्याचा हेतू हा तिचा गाभा आहे, आणि हत्येखेरीज समूहातील मुले बळाने दुसऱ्या समूहाकडे नेणे यासारखी कृत्येही तिच्यात येतात. राजकीय गटांचा समावेश तिच्यात नाही. म्हणून ख्मेर रूज राजवटीत कंबोडियात १९७५ ते १९७९ दरम्यान सुमारे १७ लाख किंवा त्याहून अधिक माणसे मेली, तरी २०१८ मध्ये तेथील विशेष न्यायालयाने वंशसंहाराचा दोष ठेवला तो चाम मुस्लिम आणि व्हिएतनामी अल्पसंख्याकांच्या बाबतीत. बाकीच्या बहुसंख्य मृत्यूंना मानवतेविरुद्धचे गुन्हे मानले गेले. मरणाऱ्याच्या दुःखात याने काही फरक पडत नाही, पण घटनांची कारणे शोधताना पडतो, आणि वर्गात आपण कारणेच शोधत असतो.

नात्सींनी मारलेल्या रोमा (‘जिप्सी’ म्हटल्या जाणाऱ्या) लोकांचा आणि अपंग व मनोरुग्णांचाही या घटकात उल्लेख हवा. रवांडाचा तर मी वेगळा पाठच घेईन. १९३० च्या दशकात बेल्जियन राजवटीने तेथे ओळखपत्रांवर हुतू किंवा तुत्सी अशी नोंद सुरू केली. पुढे कित्येक वर्षे शाळांमध्ये शिक्षक ‘तुत्सी मुलांनी उभे राहा’ असे फर्मावत आणि मोजदाद करत. एप्रिल १९९४ पासून सुमारे १०० दिवसांत तेथे आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. त्यानंतर इतिहास कोणता आणि कसा शिकवावा यावर एकमत होईना, म्हणून शाळांतील इतिहासाचे अध्यापनच काही वर्षे स्थगित ठेवावे लागले. एकाच वर्गात वाचलेल्यांची आणि मारेकऱ्यांची मुले शेजारी बसलेली असताना तेथील शिक्षकाने पुन्हा हा विषय हाती घेतला, हे आपल्या शिक्षकांनी जाणून घ्यावे.

प्रश्न : हा घटक सुरू झाला की मुले गाझाविषयी विचारतात. प्रशिक्षणात याची तयारी करून घेतात का? (शिक्षक, छत्रपती संभाजीनगर)

करून घ्यावी लागते, आणि या प्रश्नाला ‘अभ्यासक्रमाबाहेरचा’ म्हणून बगल देऊ नये. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि सुमारे २५० जणांना ओलीस नेले; त्यानंतरच्या इस्रायली कारवाईत गाझामध्ये, तेथील आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांनुसार, हजारो मुलांसह साठ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दक्षिण आफ्रिकेने वंशसंहार कराराखाली इस्रायलविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला आहे, इस्रायलने आरोप फेटाळला आहे, आणि न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये अंतरिम आदेश दिले आहेत. एवढे तथ्य शिक्षकाने कोणत्याही बाजूचा आवेश न आणता सांगावे, आणि कराराची व्याख्या मुलांसमोर ठेवावी, म्हणजे न्यायालय नेमके काय तपासते आहे हे त्यांना कळेल. गाझातील मुलांविषयी वाटणारी कळकळ खरी आहे, ती होलोकॉस्टचे नाव घेऊन दाबू नये. त्याचबरोबर आजच्या एखाद्या सरकारच्या कृत्यांचा जाब जगभरच्या ज्यूंना, आणि ठाण्यात किंवा पनवेलला राहणाऱ्या एखाद्या बेने इस्रायल कुटुंबाला विचारणे, ही ज्यूद्वेषाची जुनीच रीत आहे, आणि वर्गात ती दिसताच तेथल्या तेथे अडवली पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच तासिकेत, सारख्याच ठामपणे म्हणता येतात.

प्रश्न : मी गणित शिकवतो. आमच्या संस्थेने या प्रशिक्षणाला सर्व विषयांच्या शिक्षकांना बसवायचे ठरवले आहे. माझे तेथे काय काम? (शिक्षक, जळगाव)

आपले तेथे काम आहे. १९३० च्या दशकात जर्मनीत वापरल्या गेलेल्या गणिताच्या एका पुस्तकातील उदाहरण असे होते : मनोरुग्णालय बांधण्यास ६० लाख मार्क खर्च येतो, प्रत्येकी १५,००० मार्क किमतीची किती घरे त्या रकमेत बांधता आली असती? भागाकार सोपा आहे, उत्तर ४०० येते. १९३९ पासून नात्सींनी मनोरुग्ण आणि अपंग यांना मारण्याचा कार्यक्रम सुरू केला, त्याच्या काही वर्षे आधी शाळकरी मुले हा भागाकार वहीत करत होती आणि शिक्षक त्यावर बरोबरची खूण करत होते. हे गणित प्रशिक्षणात आपण फळ्यावर लिहावे आणि इतिहासाच्या शिक्षकांनी त्यावर बोलण्याआधी गणिताचा शिक्षक म्हणून आपण बोलावे. त्यात कोणती माहिती दिली आहे, कोणती वगळली आहे, आणि त्या रुग्णालयात राहणाऱ्या माणसाला या मांडणीत कोणते स्थान उरते, हे भाषेच्या किंवा इतिहासाच्या शिक्षकापेक्षा आपण अधिक नेमकेपणाने दाखवू शकाल. त्यानंतर आपल्या शाळेतील सध्याच्या पाठ्यपुस्तकांतील शाब्दिक उदाहरणे घेऊन बसावे, आणि त्यांत माणसे कोणकोणत्या रूपात येतात, कोण मालक असतो, कोण मजूर असतो, कोणाचा खर्च मोजला जातो, हे सर्व विषयांच्या शिक्षकांनी मिळून तपासावे. यासाठी किमान दीड तास राखून ठेवण्यास संयोजकांना आधीच सांगून ठेवा.